धावडा ते श्रीवर्धन रोड ट्रिप: मोबाइलवर प्लॅन कसा करायचा आणि मॅपवर कुठे विसंबायचं नाही

भोकरदन तालुक्यातलं आपलं धावडा. इथून डोंगर, तलाव आणि समुद्र असं सगळं एकाच ट्रिपमध्ये बघायचं असेल तर स्वतः गाडी चालवत जाण्यासारखी मजा नाही. बहुतेक जण काय करतात? मॅप उघडायचा, ठिकाण टाकायचं आणि 'स्टार्ट' दाबायचं. पण मॅप साधारणपणे लवकर पोहोचवणारा रस्ता दाखवतो. तो रस्ता रात्री कसा असतो, हे त्याला नेहमी माहीत नसतं. म्हणून आज सहा दिवसांचा एक रूट घेऊन सगळं प्लॅनिंग स्टेप बाय स्टेप बघूया.

आधी हे वाचा

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेले तीन जण रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ मॅपने दाखवलेल्या रस्त्याने गेले. पुढचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. गाडी थेट पाण्यात गेली. दोघे कसेबसे बाहेर आले, गाडी चालवणाऱ्याचा मात्र जीव गेला. पूल पाण्याखाली असल्याचं गावातल्या लोकांना माहीत होतं, मॅपला नव्हतं.

असं का होतं? मॅपवरची वेळ आणि ट्रॅफिक हे त्या रस्त्यावरून जाणाऱ्या इतर फोनच्या वेगावरून आणि जुन्या माहितीवरून ठरतं. हायवेवर हजारो फोन असतात, म्हणून अंदाज बरोबर येतो. आडरस्त्यावर रात्री एकही फोन नसला, तर रस्ता मोकळा आहे की बंद आहे, हे मॅपला कळणार कसं?

आपला रूट

दिवस १: धावडा, सिल्लोड, सावंगी इंटरचेंजवरून समृद्धी महामार्ग, भरवीरला उतरून घोटी, बारी, शेंडी म्हणजेच भंडारदरा. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास.

दिवस २: भंडारदरा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, घाटघर आणि तलावाभोवतीचा रस्ता. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर इथून जवळच आहे.

दिवस ३: इगतपुरीवरून आमणे, पनवेल, पेण, अलिबाग, काशिद, मुरूड.

दिवस ४: जंजिरा बघून आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर आणि श्रीवर्धन.

दिवस ५: माणगाव, ताम्हिणी घाट, मुळशी, पुण्यात मुक्काम.

दिवस ६: अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि घर.

पाचव्या दिवशीच थेट धावड्याला पोहोचू, असं मॅपवर बघून वाटेल. तो मोह टाळा. घाट उतरून-चढून दमलेल्या ड्रायव्हरने रात्री पुढे गाडी हाकणं म्हणजे झोपेला आमंत्रण.

मॅपमध्ये काय सेट करायचं?

१. एका दिवसाचा एक रूट बनवा. डायरेक्शन्समध्ये तीन ठिपक्यांवर दाबून 'अ‍ॅड स्टॉप' करा. पहिल्या दिवसासाठी सिल्लोड, भरवीर आणि घोटी हे स्टॉप टाकलेत की मॅप तुम्हाला मधूनच अनोळखी शॉर्टकटने नेणार नाही.

२. 'अव्हॉइड टोल्स' चालू आहे का ते तपासा. टोल वाचवायला आपण कधीतरी हे सेटिंग चालू करतो आणि विसरतो. मग मॅप समृद्धी सोडून गावागावांतून फिरवतो.

३. तिथेच 'अव्हॉइड फेरीज' बंद ठेवा, नाहीतर आगरदांडा ते दिघी जायला मॅप खाडीला लांबून वळसा घालायला लावेल. पण बोट सुरू आहे का आणि शेवटची फेरी किती वाजता आहे, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. पावसाळ्यात तर नक्कीच.

४. निघायची वेळ टाकून बघा. रविवारी संध्याकाळी पाचला आणि मंगळवारी सकाळी सातला तोच रस्ता किती वेळ घेतो, ते दिसेल. घाट आणि कोकणातल्या अरुंद रस्त्यांसाठी त्यावर तासभर जास्तच धरा. मुक्कामी अंधार पडायच्या आत पोहोचायचं, हा नियम पाळा.

रेंज गेली तर?

भंडारद-याच्या आतल्या भागात आणि ताम्हिणीत नेटवर्क जातं-येतं. पण जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते थेट उपग्रहांचे सिग्नल पकडतं. इंटरनेट लागतं ते नकाशा लोड करायला. म्हणून घरच्या वाय-फायवर प्रोफाइल फोटोवर दाबा, 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि भंडारदरा, रायगड किनारा, मुळशी हे तिन्ही भाग डाउनलोड करा. ऑफलाइन असताना लाइव्ह ट्रॅफिक दिसत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

इगतपुरीच्या पुढे समृद्धीवर जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. आत उपग्रहाचा सिग्नल पोहोचत नाही, त्यामुळे मॅपवरचा बाण अडकला किंवा भलतीकडे गेला तर घाबरू नका. बाहेर आलात की तो जागेवर येतो.

गाडी भाड्याची असेल तर

नंबर प्लेट बघा. सेल्फ-ड्राइव्हसाठी परवाना असलेल्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, स्टेपनी आणि किलोमीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढा. डिपॉझिट परत घेताना तोच पुरावा.

समृद्धीवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर असली तरी टायर जुने असतील तर तेवढा वेग नको. तापलेल्या काँक्रीटवर झिजलेला टायर फुटायला वेळ लागत नाही.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघण्याआधी बघा. वार्षिक पास फक्त खासगी गाड्यांसाठी आणि राष्ट्रीय महामार्गांवर आहे. समृद्धी राज्याचा महामार्ग असल्याने तिथे तो चालत नाही. लायसन्स आणि गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवा, ते पोलिसांना दाखवलेले चालतात. पण रेंज नसलेल्या ठिकाणासाठी मूळ लायसन्स खिशात असू द्या.

मॅपला समुद्रही कळत नाही

किनाऱ्यावर रीलसाठी गाडी वाळूत घालणारे दर सीझनला दिसतात. भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे काल याच वेळी कोरडी असलेली वाळू आज पाण्यात असू शकते. चाक रुतलं आणि पाणी चढलं की ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिन गेलेलं असतं. गाडी रस्त्यावरच लावा.

निघताना एवढं करा

घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा. रेंज गेली की ते थांबतं, म्हणून रोजचा रूट आणि मुक्कामाचा नंबरही त्यांना मेसेज करून ठेवा. अडचणीत ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा.

शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी. मॅपने हायवे सोडून अनोळखी रस्त्याला वळायला सांगितलं, तर आधी गाडी बाजूला घ्या, काच खाली करा आणि टपरीवर विचारा, "दादा, हा रस्ता पुढे चालू आहे का?" एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. आणि विचारायला कुणीच दिसत नसेल, तर अंधारात तो रस्ता धरू नका. मागे फिरा आणि मोठ्या रस्त्याने जा.