जेर-जबर नसलेलं पान

पहाटे 5.30
धाराशिव. फजरची नमाज झाली. रमजान ईद उलटली, आता मदरशाचं नवं वर्ष. वरच्या वर्गातल्या चार पोरांचं अरबी व्याकरण संपलंय. पुढं काय वाचायला द्यायचं, ते मौलानांना आज ठरवायचंय. पगार महिना अकरा हजार. पुस्तकांसाठी चंद्यातून दोन हजार मिळालेत. नोटा डायरीत ठेवल्या.

6.45
तुळजापूरमार्गे सोलापूरची एसटी. मांडीवर 'दुरूसुल लुगतिल अरबिय्या'चा तिसरा भाग. लिहिणारे व्ही. अब्दुर रहीम तमिळनाडूतल्या वानियमबाडीचे, मदिनेच्या विद्यापीठात शिकवायचे. पोरांचे तिन्ही भाग झालेत.

9.15
सोलापूरची विजापूर वेस. पुस्तकांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर. मौलाना फळीवरून 'मकामाते हरीरी' काढतात. बसऱ्याच्या हरीरीचे पन्नास किस्से, यमकांनी ठासून भरलेलं गद्य. वरच्या वर्गाला हेच शिकवायची जुनी रीत. मौलाना मनातल्या मनात वाचतात. पोरं जिथं अडतील त्या शब्दावर नखानं खूण. एका ओळीत तीन खुणा. पुस्तक परत फळीवर.

"शब्दच हुडकत बसतील, वाचणार कधी?"

नंतर अबुल हसन अली नदवींचं 'मुख्तारात', जुन्या-नव्या अरबी गद्यातले निवडक वेचे. पहिलं पान, मधलं पान, शेवटाकडचं पान. ओळीला एखादाच शब्द अडतोय. पहिल्या भागाच्या चार प्रती बाजूला. ही पारख मला फार पटली. किंमत त्यांनी नंतर विचारली.

10.30
कोश. बलियावींचं 'मिस्बाहुल लुगात', अरबी-उर्दू.

"चार घ्या मौलाना, सूट वाढवतो."

"एकच द्या चाचा. एकजण हुडकेल, तिघं ऐकतील."

हुडकणंही शिकावं लागतं. 'मकतूब' हवा असेल तर 'मीम'मध्ये सापडत नाही. पुढचा 'म' सोलायचा, आतलं मूळ, काफ-ते-बे, गाठायचं.

बिल 1,740.

4.00
धाराशिव. ऊन अजून उतरलेलं नाही. अरबी वर्तमानपत्रातल्या एका बातमीच्या चार झेरॉक्स, दोन रुपये पान. बातमीला जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, नाहीत. शब्दाचा शेवट कसा उच्चारायचा, ते वाक्यातल्या त्याच्या कामावरून ठरतं. कर्ता कोण, कर्म कोण, हे वाचणाऱ्यानंच ओळखायचं.

7.30
मगरिबनंतर वर्ग. पहिला पोरगा दुसऱ्याच ओळीत थांबतो.

"फाइल, म्हणजे कर्ता, कोण इथं?"

"मंत्री, उस्ताद."

"मंत्र्यानं बोलावलं, का मंत्र्याला बोलावलं?"

पोरगा बोट मागं नेतो. क्रियापदापासून पुन्हा वाचतो, या खेपेला शेवटचा जबर बरोबर लागतो.

"हां. आता पुढची ओळ तू घे."