सातबारा, खातेउतारा आणि डेटाबेसचं दप्तर

करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावचं महसुली दप्तर बघा. सातबारा गट नंबरानं लावलेला असतो: गट 141, मग 142, मग 143. कब्जेदार, क्षेत्र, बोजा, पीकपाणी, सगळं त्या त्या गटापाशीच. आठ-अ, म्हणजे खातेउतारा, मात्र खातेदाराच्या नावानं निघतो. कोणते गट, किती क्षेत्र, किती आकारणी, एवढं त्यात कळतं. विहीर कुणाच्या हिश्शाची, सोसायटीचा बोजा किती, हे पाहायला तो गट नंबर घेऊन पुन्हा सातबाराच काढावा लागतो.

डेटाबेसमधला क्लस्टर्ड इंडेक्स म्हणजे गट नंबरानं लावलेला सातबारा. तिथं इंडेक्स वेगळा आणि माहिती वेगळी असं नसतं. टेबलातल्या ओळीच की-च्या, म्हणजे गट नंबरासारख्या ओळखीच्या, क्रमानं साठवलेल्या असतात. म्हणूनच एका टेबलाला तो एकच असतो. बाकीचे, म्हणजे दुय्यम, इंडेक्स खातेउताऱ्यासारखे: आधी तिथं शोधा, मग मूळ ओळीकडे या.

मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणयंत्रणेत प्रत्येक टेबल असंच रचलं जातं, सहसा 16 केबीच्या पानांत, बी-ट्री पद्धतीनं. ही पद्धत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत शोधली आणि 1972 मध्ये प्रसिद्ध केली. तिची ताकद आकड्यांत दिसते. 8 बाइटची की आणि 6 बाइटचा पत्ता धरला, तर वरच्या एका पानात खालच्या पानांकडे नेणाऱ्या साधारण 1,170 नोंदी मावतात. तळच्या पानात एक केबीच्या 16 ओळी. पानं भरलेली असतील तर तीन पातळ्यांत दोन कोटींहून जास्त ओळी बसतात, आणि त्यातली हवी ती ओळ तीन पानांत सापडते!

पण की चुकली की हा वेग जातो. फेरफार नोंदवहीत नंबर चढता असल्यानं नवी नोंद शेवटी बसते. तशीच चढती की असेल तर इनोडीबीची पानं सोळातले पंधरा भाग भरतात. यूयूआयडीसारखी, म्हणजे लांब आणि यादृच्छिक ओळखक्रमांकाची, विस्कळीत की दिली, तर नवी ओळ मधल्याच एखाद्या भरलेल्या पानात घुसते, पान दुभंगतं, आणि कित्येक पानं अर्धीच भरलेली राहतात. शिवाय लांबलचक की प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये पुन्हा पुन्हा साठवावी लागते.

तरीही चढता नंबर डोळे झाकून घेऊ नये. आधी लोक काय विचारतात ते बघावं. सातबाऱ्याचं टेबल आखायचं झालं तर मी जिल्हा, तालुका, गाव, गट हीच की घेईन. पोटहिस्से पडले की अधूनमधून पान दुभंगेल, पण जमिनीचे गट रोज वाढत नाहीत. आणि अख्ख्या गावचे उतारे काढताना संगणकाला लागोपाठची पानं वाचता येतील. नावानं शोधणाऱ्यांसाठी खातेदाराचा इंडेक्स वेगळा ठेवावा.