कारखान्यातील स्त्री : प्रवेश आणि सन्मान

सन १९७४ मध्ये 'टेल्को'ने अभियंत्यांसाठी जाहिरात दिली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे तीत नमूद होते. सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून हरकत घेतली. पिंपरी येथे मुलाखत होऊन त्यांची नेमणूक झाली. रूढीने बंद केलेले दार नेतृत्वाने उघडले.

मात्र आत सन्मानाने काम करता आले, तरच या प्रवेशाला अर्थ आहे. त्यासाठी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत अंतर्गत समिती सक्तीची केली. चाकण परिसरातील त्याहून लहान वर्कशॉपमधील स्त्रीला घटनेपासून ३ महिन्यांत तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देता येते. ती ७ दिवसांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही माहिती घरोघरी पोहोचविणे हे पंचायत सदस्य व शिक्षक यांचे काम आहे.