बिनशर्त आलेल्यांचा हिशेब

30 एप्रिल 2020 रोजी सारा महाराष्ट्र टाळेबंदीत घरी बसलेला असताना विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही विकास मंडळांची मुदत संपली. याआधी दर वेळी अगदी शेवटच्या घटकेला का होईना मुदतवाढ मिळत आली होती. या वेळी ती मिळाली नाही. करोनाच्या बातम्यांत ही बातमी बुडून गेली आणि मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसाठी निधीचा न्याय्य वाटा मागण्याचे एकमेव घटनात्मक व्यासपीठ आवाज न होता बंद पडले.

यात नेमके काय गेले ते समजून घ्यायचे तर 1953 पर्यंत मागे जावे लागते. 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात आणि उरलेला मराठी मुलूख मुंबई राज्यात. या तिघांचे एक राज्य व्हावे म्हणून नेत्यांनी सह्या केल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा, वर्षातला काही काळ नागपुरात सरकारचा मुक्काम अशी कलमे त्यात होती. मराठवाड्यासाठी एक वेगळे वाक्य होते: हा भाग मागासलेला आहे, म्हणून त्याच्या विकासाकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल.

हा करार म्हणजे पुढाऱ्यांच्या सह्यांचा कागद होता, कायदा नव्हता. 1955 मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली. विदर्भाच्या हाती तेव्हापासून एक हत्यार राहिले: ‘नाही दिलेत तर आम्ही चाललो.’ मराठवाड्याने असे हत्यार कधी परजले नाही. निजामी राजवटीतून सुटलेल्या माणसांना मराठी राज्यात येणे हाच मोठा लाभ वाटत होता. ‘आम्ही बिनशर्त आलो’ हे वाक्य मराठवाड्यात आजही सभासभांतून ऐकू येते. पूर्वी त्यात अभिमान असे. आता त्याच वाक्यातून तक्रार ऐकू येते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच वेळच्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम 371 (2) आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, त्यांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे, विकासखर्चाचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी या सगळ्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात, असे हे कलम सांगते. नागपूर कराराचा गाभा घटनेत आला. पण ‘सोपवू शकतात’ या शब्दांत पळवाटही आली. मंडळे स्थापन व्हायला 38 वर्षे लागली. याच कलमात सौराष्ट्र आणि कच्छसाठीही मंडळांची तरतूद आहे. गुजरातने ती कधीच स्थापन केली नाहीत.

या 38 वर्षांत मराठवाडा गप्प बसला नव्हता. 1974 चे विकास आंदोलन परभणीच्या कृषी विद्यापीठापासून पेटले आणि वसमतला गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. मनमाड ते परभणी लोहमार्ग रुंद करा, उद्योग द्या, नोकऱ्या द्या, अशा त्या मागण्या होत्या. गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेतून वैधानिक मंडळाची मागणी आयुष्यभर लावून धरली. गोविंदभाईंचा आग्रह साधा होता. मराठवाड्याला मेहरबानी नको, हक्काचा कायदा हवा.

त्या हक्काला आकडा दिला तो प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने. 1984 च्या या अहवालाने ‘अनुशेष’ हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा रुजवला. तो कसा मोजला गेला हे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण पुढचे सगळे भांडण या मोजणीभोवती फिरते. समजा, राज्यात दर 100 चौरस किलोमीटरला सरासरी 60 किलोमीटर रस्ते आहेत आणि एखाद्या जिल्ह्यात 45. तूट झाली 15 किलोमीटरची. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 6 हजार चौरस किलोमीटर असेल, तर त्याला राज्याच्या सरासरीला यायला 900 किलोमीटर रस्ते कमी पडतात. त्याला किलोमीटरमागच्या खर्चाने गुणले की रस्त्यांचा अनुशेष रुपयांत निघतो. सिंचन, शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी, कृषिपंपांची वीज यांचे हिशेबही असेच. समितीने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये काढला. त्यातला मराठवाड्याचा होता सुमारे 751 कोटी.

आता यातली मेख पाहा. राज्याची सरासरी काही जागेवर थांबत नाही. मराठवाड्यात रस्ते होत असताना पुणे, नाशिक, कोल्हापूर भागांतही होतातच, आणि सरासरी वर सरकते. सिमेंट, डांबर, मजुरी महागते. मधल्या काळात अनुशेषापोटी पैसे दिले गेले, तरी पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 च्या स्थितीवर आकडा काढला तेव्हा तो सुमारे 14 हजार कोटींवर गेला होता. मराठवाड्याचा त्यात सुमारे 4 हजार कोटी. ‘इतका पैसा दिला, गेला कुठे?’ असा सवाल मुंबईत आजही विचारला जातो. गैरव्यवहार आणि अखर्चित निधी हे त्याचे खरे उत्तर आहेच, आणि ते मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांनाही चुकवता येणार नाही. पण दर वर्षी पुढे सरकणाऱ्या रेषेला गाठण्यासाठी तिच्याहून जास्त वेगाने धावावे लागते, आणि तेवढा निधी कोणत्याही एका वर्षी मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

26 जुलै 1984 रोजी विधिमंडळाने वैधानिक मंडळांचा ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश निघायला 9 मार्च 1994 उजाडला. नांदेडचे शंकरराव चव्हाण तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते. 30 एप्रिल 1994 रोजी राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांनी आपला आदेश काढला आणि मंडळे सुरू झाली. मराठवाड्याच्या मंडळाचे कार्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत आले.

मंडळाच्या हातात तिजोरी नव्हती. अध्यक्षपद अनेकदा राजकीय सोय लावण्यासाठी वापरले गेले, तज्ज्ञांच्या जागा रिकाम्या राहिल्या. तरीही त्याने एक गोष्ट केली, जी आमदारांच्या वैयक्तिक वजनाने होत नाही: मागासलेपण दर वर्षी मोजले जाऊ लागले आणि त्या मोजणीवर राज्यपाल अर्थसंकल्पापूर्वी निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले. कोणत्या विभागाचा पैसा कुठे वळवला, हे विचारायला कागदाचा आधार मिळाला.

मग 2020 आले. महाविकास आघाडीच्या काळात राज्यपाल आणि सरकार यांच्यात विधान परिषदेवरच्या 12 नामनियुक्त आमदारांवरून वाद चालू होता. 2021 च्या मार्चमध्ये तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत विकास मंडळांचा विषय सरळ त्या 12 नावांशी जोडला: नावे जाहीर करा, त्याच दिवशी मंडळे जाहीर करतो. पावणेदोन कोटींहून अधिक माणसांचा घटनात्मक हक्क 12 आमदारक्यांच्या सौद्यात अडकला, ही गोष्ट मराठवाड्याने विसरता कामा नये. 27 सप्टेंबर 2022 रोजी एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. पण त्याला राष्ट्रपतींची, म्हणजे केंद्राची संमती लागते. 2024 ची विधानसभा निवडणूक झाली तोवर ती आलेली नव्हती.

यात मराठवाड्याची एक वेगळी कोंडी आहे. तिन्ही मंडळे एकाच आदेशाने बांधलेली आहेत. विदर्भ राज्यात राहणार की जाणार, हा प्रश्न सत्तर वर्षे लोंबकळत आहे. स्वतंत्र विदर्भवाद्यांतल्या अनेकांना मंडळ म्हणजे राज्याची मागणी थोपवायचा उतारा वाटतो, त्यामुळे ते त्याच्यासाठी झगडत नाहीत. मुंबईला मंडळ म्हणजे हिशेब मागणारी कटकट वाटते. जायची इच्छा नसलेल्या मराठवाड्याला मात्र याच मंडळाची सर्वांत जास्त गरज आहे, आणि त्याचेच म्हणणे सर्वांत कमी ऐकले जाते. 2016 च्या मार्चमध्ये तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी जालन्यात मराठवाड्याच्याही वेगळ्या राज्याची भाषा केली, तर विधिमंडळ पेटले आणि दोन दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. अनुशेषाच्या तक्त्यावरून सभागृह असे पेटल्याचे ऐकिवात नाही.

निजामाच्या राज्यातून निघालेल्या तीन भावंडांचे पुढे काय झाले, ते शेजारी ठेवून पाहावे. तेलंगणाने आंध्रात जाताना 20 फेब्रुवारी 1956 चा ‘सभ्य गृहस्थांचा करार’ करून घेतला होता. तो पाळला गेला नाही, 1969 मध्ये आंदोलन उसळले आणि अखेर 2 जून 2014 रोजी तेलंगण वेगळे राज्य झाले. कर्नाटकाकडे गेलेल्या बिदर, कलबुर्गी, रायचूर भागाने वेगळेपणा मागितला नाही, पण घटनेवर बोट ठेवले. 98 व्या घटनादुरुस्तीने कलम 371 (ञ) आले, बल्लारीसह त्या भागासाठी मंडळ झाले, नोकऱ्यांत आणि शिक्षणात स्थानिकांना आरक्षण मिळाले. या कल्याण कर्नाटक मंडळासाठी 2023-24 च्या अर्थसंकल्पात 5 हजार कोटी रुपये ठेवले गेले. उदगीरचा माणूस तासाभराच्या वाटेवरच्या बिदरमध्ये हे पाहतो. मराठवाड्याला घटनेचे कलम कर्नाटकातल्या या भागाच्या कितीतरी आधी मिळाले होते, आणि आज मंडळाविना आहे तोच.

सीमेवरच्या माणसाला ही तुलना अहवालातून समजावी लागत नाही. 2018 मध्ये तेलंगण सरकारने ‘रयतु बंधू’ योजनेत शेतकऱ्याला हंगामाला एकरी 4 हजार रुपये द्यायला सुरुवात केली. नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात नातीगोती, बाजारहाट सगळे पलीकडच्या गावांशी. तिथल्या सरपंचांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली. पुढे तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी 5 फेब्रुवारी 2023 रोजी नांदेडला आणि 24 एप्रिलला छत्रपती संभाजीनगरला सभा घेतली. त्यांचा पक्ष त्याच वर्षअखेर तेलंगणात हरला आणि इकडून नाहीसा झाला. सीमेवरच्या गावांची तक्रार नाहीशी व्हायला मात्र काही कारण घडलेले नाही.

बाहेरचे एक उदाहरण इथे उपयोगी पडते. ब्रिटनच्या टोकाचा कॉर्नवॉल हा त्या देशाचा गरीब भाग. युरोपीय संघाच्या विकासनिधीतून तिथे रस्ते, विद्यापीठाच्या इमारती, इंटरनेटचे जाळे उभे राहिले. 23 जून 2016 च्या सार्वमतात याच कॉर्नवॉलने 56.5 टक्के मतांनी संघ सोडण्याचा कौल दिला, आणि निकाल लागताच तिथल्या परिषदेने लंडनकडे विचारणा केली, की आमचा निधी तेवढाच राहील ना? पर्यायी निधीचे आश्वासन सत्ताधारी हुजूर पक्षाच्या 2017 च्या जाहीरनाम्यात आले. निधी प्रत्यक्ष सुरू झाला एप्रिल 2022 मध्ये. पण मधल्या काळात कॉर्नवॉल वाऱ्यावर पडला नाही, कारण 2014 ते 2020 या सात वर्षांच्या कार्यक्रमाचा पैसा लेखी ठरलेला होता आणि फारकतीच्या करारातही तो शेवटपर्यंत देण्याचे बंधन घातले गेले. सरकार बदलले, पंतप्रधान बदलले, तरी कागद टिकला.

आपल्याकडे त्या कागदाची जागा पॅकेजने घेतली आहे. 4 ऑक्टोबर 2016 रोजी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि सुमारे 49 हजार कोटींची घोषणा झाली. 16 सप्टेंबर 2023 रोजी मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त पुन्हा बैठक झाली, तेव्हा सिंचनासह आकडा 59 हजार कोटींच्या घरात गेला. अशा आकड्यांत आधीच मंजूर असलेली कामे किती, केंद्राचा पैसा किती, कोणत्या वर्षी किती मिळणार, हे सामान्य वाचकाला कुठेच एका जागी सापडत नाही. पॅकेजची घोषणा मंत्री करतात आणि तिचा पाठपुरावा करायचा की नाही तेही मंत्रीच ठरवतात. मंडळाचा अहवाल विधानसभेपुढे ठेवणे हे घटनेने घातलेले बंधन होते.

मंडळ जुन्याच साच्यात परत यावे, असे मला वाटत नाही. डॉ. विजय केळकर समितीने 2013 च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरले, ते योग्य आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची सरासरी वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांनी वर जाते आणि तिच्या आड सोयगावसारखा तालुका झाकला जातो. मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न तर निव्वळ सरासरीने मोजताच येत नाही. जायकवाडी धरणात वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही, यावर दर टंचाईच्या वर्षी न्यायालयाची पायरी चढावी लागते. केळकर अहवाल डिसेंबर 2014 मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यावर मनापासून अंमल झाला नाही.

केंद्राच्या संमतीची वाट पाहत असतानाही राज्याला एक गोष्ट आजच करता येते. त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागत नाही. अर्थसंकल्पासोबत तिन्ही विभागांचा तालुकानिहाय तक्ता मांडायचा: गेल्या वर्षी तरतूद किती होती, हातात किती आले, खर्च किती झाला आणि कुठे वळवले. मराठवाड्याच्या सर्व पक्षांच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एकत्र बसून एवढी एकच मागणी लावून धरली, तर ती नाकारण्यासाठी सरकारला कारण शोधावे लागेल.