जुनी इमारत आणि विजेची काटकसर

विजेची बचत म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे धरणे, औष्णिक केंद्रे आणि भारनियमन उभे राहते. ज्या इमारतीत बसून आपण शिकतो, तिचा विचार सहसा मनात येत नाही. नवी इमारत काटकसरीची बांधणे तुलनेने सोपे. खरा प्रश्न आहे तो उभ्या असलेल्या इमारतींचा. त्या पाडता येत नाहीत आणि अजून कित्येक वर्षे वापरायच्या असतात.

या बाबतीत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उदाहरण मला बोधप्रद वाटते. १९३१ साली पूर्ण झालेल्या या १०२ मजली इमारतीच्या सुधारणेची योजना २००९ मध्ये जाहीर झाली. ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करणे हे उद्दिष्ट होते. तिच्या ६,५१४ खिडक्यांच्या काचा फेकून न देता इमारतीतच थाटलेल्या कार्यशाळेत नेल्या. दोन काचांमध्ये पातळ पारदर्शक पटल ताणून, पोकळीत वायू भरून त्या पुन्हा बसविल्या. रेडिएटरमागे उष्णता परतविणारे पडदे लावले, दिव्यांची व्यवस्था सुधारली. परिणामी थंडाव्याची गरजच घटली आणि नवी शीतयंत्रे न घेता जुनीच सुधारून भागले. आधी गरज कमी करावी, मग यंत्राकडे वळावे, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

हाच हिशेब आपल्या वर्गाला लावून पाहू. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. सहा पंखे, रोज सहा तास, वर्षाचे २०० दिवस धरले, तर एका वर्गात ३२४ युनिटे वाचतात.

पण हे हेरणार कोण? २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. त्याच्यातर्फे ऊर्जा व्यवस्थापक व ऊर्जा लेखापरीक्षक यांच्यासाठी राष्ट्रीय परीक्षा घेतली जाते. तथापि लेखापरीक्षक दोष कागदावर दाखवितो. तो दूर करतात वायरमन, सुतार आणि गवंडी. चौकटीत फट राहिली, तर उत्तम काचही व्यर्थ जाते. म्हणून परीक्षेइतकेच या कारागिरांचे प्रशिक्षण आवश्यक आहे, असे माझे मत आहे.

आणि विद्यार्थ्यांनी? महाविद्यालयाच्या वीजमीटरची रोज नोंद ठेवावी. कोणत्याही लेखापरीक्षणाची सुरुवात मोजण्यापासूनच होते.