'हा क्लच बसेल का?' – 'हो' म्हणण्याआधी काय तपासाल

पार्टच्या दुकानात सारखा येणारा प्रश्न म्हणजे, "हा बसेल का हो?" क्लचच्या बाबतीत चुकीचं 'हो' फार महाग पडतं. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. माल तुम्ही परत घ्याल, पण दोनदा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी कोण देणार?

आपला एक विद्यार्थी इंग्लंडमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारच्या पार्टचं दुकान टाकतोय, म्हणून उदाहरण तिकडचंच घेऊ. गाडी माझदा एमएक्स-5. 1989 मध्ये आली तेव्हा इंजिन 1.6 लिटरचं होतं, नंतर 1.8 आलं. बाहेरून गाडी जवळपास तीच. पण 1.6 ची क्लचप्लेट 200 मिलिमीटरची आणि 1.8 ची 215 ची.

मग मोठा क्लच छोट्या इंजिनाला चालतो का? नुसतं किट दिलंत तर नाही. 1.8 ची प्रेशर प्लेट 1.6 च्या फ्लायव्हीलवर बसतच नाही. पण 1.8 चं अख्खं फ्लायव्हील 1.6 च्या क्रँकशाफ्टला बसतं, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते दोन्हीकडे सारखे आहेत. म्हणजे फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्लचप्लेट असा पूर्ण सेट 1.8 चा द्यायचा. टर्बो लावून ताकद वाढवणारे हौशी लोक हेच करतात. तुमचं बिलही मोठं होतं, आणि तेही खरं बोलून!

आता गोची कुठे होते ते बघा. "1994 नंतरची गाडी, म्हणजे 1.8" असं धरू नका. ब्रिटनमध्ये 1995 पासून 1.6 परत विकायला आली होती. शिवाय इतक्या वर्षांत कुणी इंजिनच बदललेलं असू शकतं. कागदावर 1.6, बॉनेटखाली 1.8! म्हणून इंजिनचा कोड विचारा. बी6 म्हणजे 1.6, बीपी म्हणजे 1.8. एवढ्यावरही थांबू नका, कारण आधीच्या मालकाने बी6 वर 1.8 चं फ्लायव्हील चढवलेलं असेल तर कोड बरोबर असूनही तुमचा माल चुकीचा ठरेल. सगळ्यात भरवशाचं काय, तर गिअरबॉक्स उतरल्यावर जुनी प्लेट मोजणं.

दुसरी कुठलीही जुनी गाडी आली तरी बघायचं हेच. प्लेटचा व्यास, प्रेशर प्लेटच्या बोल्टची भोकं, शाफ्टचे दाते (संख्या आणि जाडी दोन्ही), रिलीज बेअरिंग. फ्लायव्हील बदलत असाल तर स्टार्टरच्या रिंगचे दातेही मोजा. नवी प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि बिलावर नुसतं 'एमएक्स-5 क्लच' लिहू नका. इंजिन कोड आणि मिलिमीटर लिहा, खाली ग्राहकाची सही घ्या.