आधी बाहुल्या, मग पाव

'ब्रेड अँड पपेट थिएटर' हे नाव ऐकून अनेकांना वाटतं, ब्रेड म्हणजे काहीतरी प्रतीक असणार. तसं नाही. इथे खरोखरचा पाव मिळतो, तोही फुकट!

पीटर शूमन यांनी १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये ही मंडळी सुरू केली. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चांत यांच्या कागदाच्या लगद्याच्या अवाढव्य बाहुल्या हमखास दिसायच्या. पुढे १९७०च्या दशकात बिऱ्हाड व्हरमाँटमधल्या ग्लोव्हर गावच्या शेतावर गेलं.

पण मला बाहुल्यांपेक्षा पावाचंच जास्त वेड! शूमन मूळचे तेव्हाच्या जर्मनीतल्या सायलीशियाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कुटुंबाला घरदार सोडून पळावं लागलं. राय या धान्याचा आंबवलेला पाव त्यांची आई करायची, तोच ते अमेरिकेत भाजू लागले. रंग काळपट, चव आंबूस, चावायला चांगलाच चिवट. मऊ लादीपावाची सवय असलेल्यांचे दात दुखतील! त्यावर भरपूर लसणाची आयोली, म्हणजे लसूण-तेलाची घट्ट चटणी, फासायची आणि तो पाव प्रेक्षकांत वाटायचा.

कला ही पोटाच्या भुकेइतकीच मूलभूत गरज आहे, असं शूमन मानतात. म्हणून खेळ आणि पाव एकाच हाताने द्यायचे. मोठमोठ्या गॅलऱ्यांतल्या जेवणावळींपेक्षा मला हे कितीतरी प्रामाणिक वाटतं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनो, उन्हाळ्यात व्हरमाँटकडे जाणार असाल तर ग्लोव्हरच्या खेळांचं वेळापत्रक आधी बघा. तिथल्या जुन्या गोठ्यात बाहुल्यांचं संग्रहालयही आहे.